उघडून बघणारा माणूस : लक्ष्मणराव किर्लोस्कर

चरित्रलेख लिहायचा म्हटलं की आपल्या मंडळातले बहुतेक जण कवी-लेखकांकडे वळतात. मी या वेळी एका कारखानदाराकडे वळलो आहे. लक्ष्मणराव काशीनाथ किर्लोस्कर कवी नव्हते आणि कादंबरीकारही नव्हते. पण त्यांच्या कारखान्यातून नांगर निघाले, पंप निघाले आणि मराठीतलं एक मोठं मासिकही निघालं. शिवाय माझं गाव गुडीहत्नूर. आमच्याकडे शेतकऱ्याच्या घरात साहित्यिकाचं नाव माहीत नसेल एक वेळ, पण किर्लोस्कर हे नाव माहीत नाही असं होत नाही.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेच्या अभ्यासात त्यांचं मन रमेना. चित्रं काढावीत आणि यंत्रांशी खटपट करावी, एवढंच त्यांना आवडायचं. वडिलांना हे पसंत नव्हतं. मोठे भाऊ रामुअण्णा पाठीशी उभे राहिले आणि १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. दोनेक वर्षांत कळलं की आपल्या डोळ्यांना काही रंगांतला फरक नीट दिसतच नाही. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाला रंग ओळखू येत नाहीत, यापेक्षा वाईट बातमी कोणती असेल! एखादा गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि रेषा ठेवली. यंत्रांची रेखाचित्रं काढायला रंग लागत नाही, माप लागतं. ते त्यांना जमत होतं. त्याच बळावर मुंबईत नव्यानं सुरू झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते यांत्रिक रेखाटन शिकवू लागले. मोकळ्या वेळात तिथल्या यंत्रांपाशी राबून त्यांनी हातही तयार केला.

नोकरीत असतानाच भावांनी मिळून बेळगावात सायकलचं छोटं दुकान काढलं. साल १८८८. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे. रामुअण्णा त्या विकायचे आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. आज ज्या उद्योगसमूहाचं नाव आपण घेतो, त्याचं मूळ म्हणजे सायकली विकणारं आणि दुरुस्त करणारं हे दुकान. ते होतं त्या रस्त्याला बेळगावात अजून किर्लोस्कर रोड म्हणतात. पुढे मुंबईच्या नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा ती लक्ष्मणरावांना न मिळता एका अँग्लो-इंडियनाला मिळाली. त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं.

दुरुस्तीपासून सुरुवात झाली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ती का, हे सांगायला थोडं आमच्या गावात यावं लागेल.

गुडीहत्नूर आदिलाबाद जिल्ह्यात, ४४ नंबरच्या राष्ट्रीय महामार्गावर आहे. इथूनच इंद्रवेल्ली-उटनूरचा रस्ता फुटतो. बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी, बंजारा, हिंदी सगळं एकाच वेळी ऐकू येतं. माझ्या मामांची इथे टिनाच्या शेडमध्ये इंजिन दुरुस्तीची जागा आहे. २०१८ पासून तेलंगणात शेतीला चोवीस तास मोफत वीज आहे, त्यामुळे विहिरीवरची डिझेल इंजिनं कमी झाली. तरी ओढ्याकाठी खांब नाही तिथे इंजिन लागतंच. गेल्या वर्षी नाताळच्या तोंडावर आमच्या चर्चचा जनरेटर मामांकडे आला. एक सिलिंडरचं, पाण्यानं थंड होणारं डिझेल इंजिन. निळसर धूर ओकत होतं आणि हँडल मारलं की फारच सहज फिरत होतं. मला वाटलं, सहज फिरतंय म्हणजे बरंच आहे की! मामांनी मान हलवली. सहज फिरणं हेच दुखणं होतं.

कारण डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन वर येताना हवा इतकी दाबतो की ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. दाबच गळत असेल तर हवा तापणार कशी? म्हणून हँडलला हाताखाली अडकल्यासारखं जाणवायला हवं.

मामांनी आधी डिझेल बंद केलं, चेंबरमधलं ऑइल आणि जॅकेटमधलं पाणी काढलं. मग नोझलची नळी आणि नोझल. रॉकरचं झाकण, रॉकर, पुश रॉड. दोन्ही पुश रॉड त्यांनी वेगवेगळे ठेवले, कारण ज्याची जागा त्यालाच द्यायची. हेडचे नट एकदम एकेक करून काढले नाहीत. समोरासमोरचे थोडे थोडे सैल केले, नाहीतर हेड वाकतं. हेड निघालं. लायनरच्या वरच्या काठाला काजळीचं कडं धरलं होतं, ते आधी खरवडलं, म्हणजे पिस्टन बाहेर येताना रिंग तिथे अडकून तुटत नाही. खालच्या बाजूचा दरवाजा उघडून कनेक्टिंग रॉडची टोपी सोडवली. तिच्यावरची खूण मला वाचायला लावली, कारण टोपी उलटी बसली तर बेअरिंग गेलंच. मग खालून हलकेच ढकलत पिस्टन वर काढला. जुनी रिंग रिकाम्या लायनरमध्ये बसवून तिच्या दोन टोकांमधल्या फटीत फिलर गेज घातला. फट कितीतरी जास्त होती. रिंगा झिजल्या होत्या. एअर क्लीनर कित्येक महिने कोणी साफ केला नव्हता. धूळ आत जात राहिली आणि रिंगा खात राहिली.

सगळं इंजिन पोत्यावर ओळीनं मांडलेलं होतं. काढलेल्या क्रमानं डावीकडून उजवीकडे. बसवायचं तर उजवीकडून डावीकडे. तेव्हा माझ्या लक्षात आलं की दुरुस्ती म्हणजे एक प्रकारचं वाचन आहे. यंत्र कसं बनलंय हे बनवणाऱ्यानंतर सगळ्यात नीट कुणाला कळत असेल तर ते उघडणाऱ्याला. आणि पुष्कळ वेळा उघडणाराच पुढे बनवणारा होतो.

लक्ष्मणरावांचं तेच झालं. सायकलीनंतर त्यांनी परदेशी शेती-अवजारं निरखली. कडबा कापायचं यंत्र बनवलं, मग लोखंडी नांगर. नुसती नक्कल करून भागणार नव्हतं. आपली जमीन, आपले बैल, आपला लोहार, सगळ्याला जुळेल असं करायचं होतं. काळ्या जमिनीत कुंदा आणि हरळी खोल जातात, लाकडी नांगर तिथवर पोचत नाही. लोखंडी पोचतो. पण शेतकऱ्यांना वाटायचं, लोखंड जमिनीला विषासारखं बाधेल. पहिला नांगर विकायला दोनेक वर्षं गेली म्हणतात. विचार करा, दोन वर्षं! माल चांगला आहे हे आपल्याला ठाऊक असताना तो तसाच पडून असलेला बघत राहायचं. हळूहळू लोकांनी वापरून पाहिलं आणि मागणी वाढली.

तेवढ्यात बेळगावच्या नगरपालिकेला गावाच्या वाढीसाठी ती जागा हवी झाली. कारखाना हलवावा लागणार होता. औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर माळजमीन दिली आणि १०,००० रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. माळावर निवडुंग माजलेला, सापांचा सुळसुळाट, पाण्याची ओरड. १० मार्च १९१० ला तिथे किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली.

या वाडीत लक्ष्मणरावांनी जी माणसं गोळा केली, ती बघितली की मला मामांच्या पोत्यावर मांडलेले भाग आठवतात. अनंतराव फळणीकर शाळा सोडलेले, ते कल्पक इंजिनिअर झाले. शंभोराव जांभेकर ओतकामापासून विजेपर्यंत पडेल ते काम निस्तरायचे. मंगेशराव रेगे हिशेब बघायचे. आणि रात्रीच्या पहाऱ्याला? तिथे लक्ष्मणरावांनी तुरुंगात शिक्षा भोगून आलेली माणसं नेमली. ज्यांच्यापासून लोक दारं लावून घेत, त्यांच्याच हाती वाडीची राखण दिली, आणि त्यांनी ती इमानानं केली. वाडीत शिवाशिव चालणार नाही, हाही नियम होता. १९१० च्या आसपासचा काळ लक्षात घेतला तर हे नांगर विकण्यापेक्षा अवघड होतं. उघडून न बघता कुठल्याच गोष्टीला भंगार म्हणायचं नाही, हा त्यांचा स्वभाव यंत्रांपुरता नव्हता. स्वतःचे रंग न ओळखणारे डोळेसुद्धा त्यांनी तसेच कामाला लावले होते.

आता आपल्या मंडळाच्या जिव्हाळ्याची गोष्ट. १९२० मध्ये या कारखान्यातून 'किर्लोस्कर खबर' निघू लागलं. संपादक होते लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव. नांगर-चरकांची माहिती देणाऱ्या या पत्राचं पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं, मग १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' निघालं. मराठी घराघरांत नव्या विचारांची कथा-लेखांची शिदोरी पोचवणारी ही मासिकं ओतशाळेच्या शेजारी जन्मली. साहित्य एकीकडे आणि हातकाम दुसरीकडे असं आपण समजतो. किर्लोस्करवाडीत ते एकाच आवारात होतं.

डिझेल इंजिनाकडे परत येऊ. डिझेल हे मुळात तेलाचं नाव नाही, माणसाचं आहे. रुडॉल्फ डिझेल लक्ष्मणरावांपेक्षा ११ वर्षांनी मोठा. १८९३ ते १८९७ अशी चार वर्षं त्यानं जर्मनीतल्या ऑगस्बर्गला आपलं इंजिन चालवलं, बिघडवलं, उघडलं, बदललं आणि पुन्हा चालवलं. १८९३ च्या एका चाचणीत तर दाब मोजायचं उपकरणच फुटून उडालं. त्याचा शेवट मात्र दुःखद झाला. सप्टेंबर १९१३ मध्ये इंग्लंडकडे जाणाऱ्या बोटीवरून तो रात्रीत नाहीसा झाला. त्याचं इंजिन आपल्या शेतात पोचायला आणखी बरीच वर्षं लागली. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली. ती लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुरावांनी उभारली. ते अमेरिकेत एम. आय. टी. मध्ये शिकून आले होते. वडील सायकली उघडून शिकले, मुलगा कॉलेजात शिकला, आणि दोघांच्या शिकण्याचा उपयोग शेवटी विहिरीवर पाणी उपसणाऱ्या माणसाला झाला.

याच सुमारास लक्ष्मणरावांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा घाव बसला. १९४८ च्या सुरुवातीला गांधीजींची हत्या झाली. मारेकरी ब्राह्मण, म्हणून पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर आणि मालमत्तेवर जमाव चालून गेले. किर्लोस्करवाडीचा कारखानाही जाळला गेला. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. ३८ वर्षं जिथे निवडुंग उपटण्यापासून सगळं केलं, तिथे राख. या वयात कुणी म्हटलं असतं की आता पुरे, तर त्याला कोण बोल लावणार? पण वाडी सोडली गेली नाही. कारखाना पुन्हा उभा राहिला आणि आजही तिथे पंप बनतात.

२६ सप्टेंबर १९५६ ला लक्ष्मणराव गेले. १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, भारत सरकारनं त्यांच्या नावानं टपाल तिकीट काढलं.

आमच्या मोठ्या गावांत आता वेगळीच सवय लागली आहे. मिक्सर बिघडला, नवा घ्या. मोबाईल तर उघडताच येऊ नये असा चिकटवलेलाच येतो. मामांकडे काम शिकायला पूर्वी चार पोरं असायची, आता एकच आहे. माप, खूण, क्रम, कुठे जोर लावायचा आणि कुठे नाही, हे मामांचं सगळं ज्ञान कुठल्याच भाषेत लिहिलेलं नाही. ते त्यांच्या हातात आहे आणि हातांबरोबरच जाईल. लक्ष्मणरावांनी नांगर बनवला तसं नांगराबद्दल सांगणारं पत्रही काढलं. म्हणजे दुसरं काम आपल्यासारख्यांचं आहे. मी नोझल, लायनर, रिंगा, कडं, टोपी असे मामांच्या तोंडचे शब्द वहीत उतरवायला सुरुवात केली आहे. कोणता शब्द तेलुगूतून आला, कोणता उर्दूतून, तेही पुढे लिहितो आहे. आतापर्यंत त्र्याहत्तर झाले. तुमच्या गावातही अशी एखादी शेड असेलच. सुट्टीत घरी गेलात की वही घेऊन तासभर तिथे बसा, आणि जे मिळेल ते मंडळाकडे पाठवा.