गुन्हा कबूल करून लढलेला वकील

शिकागोच्या फौजदारी न्यायालयात २१ जुलै १९२४ रोजी क्लॅरन्स डॅरो बोलण्यास उभे राहिले, तेव्हा ते आपल्या अशिलांसाठी वेडेपणाचा बचाव मांडणार, याविषयी कोणालाही शंका नव्हती. चौदा वर्षांच्या बॉबी फ्रँक्सचे अपहरण करून खून केल्याचा आरोप नेथन लिओपोल्ड आणि रिचर्ड लोब या धनाढ्य घरांतील दोन तरुणांवर होता. दोघांनी पोलिसांपुढे सारे सांगून टाकले होते आणि शहर फाशीची वाट पाहत होते. डॅरो यांनी मात्र दोन्ही आरोप मान्य असल्याचे न्यायाधीश जॉन कॅव्हर्ली यांना सांगितले आणि सरकारी वकील रॉबर्ट क्रो यांच्या पायाखालची वाळू सरकली.

या डावामागे कायद्याची बारीक जाण होती. आरोप नाकारला असता, तर खटला ज्युरीपुढे गेला असता. तो मान्य केल्यावर शिक्षा ठरविणे इलिनॉय राज्यात न्यायाधीशाच्या हाती येत असे. खून आणि खंडणीसाठी अपहरण या दोन्ही गुन्ह्यांना फाशी होती. एकच मान्य केला असता, तर दुसऱ्यासाठी क्रो यांनी पुन्हा ज्युरी बसविली असती. बारा जणांत वाटली गेलेली जबाबदारी हलकी होते, एकट्या माणसाला मात्र फाशी सुनावणे जड जाते, असा डॅरो यांचा हिशेब होता.

हा हिशेब त्यांनी बरीच किंमत मोजून शिकला होता. ओहायो राज्यातील किन्समन या खेड्याच्या परिसरात १८ एप्रिल १८५७ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील फर्निचर बनवत आणि गावातील अंत्यसंस्कारांची व्यवस्थाही पाहत. १८८७ मध्ये डॅरो शिकागोत आले, रेल्वे कंपनीचे वकील झाले आणि १८९४ मध्ये संपकरी कामगारांचे नेते युजीन डेब्ज यांच्या बचावासाठी ती नोकरी सोडून बाहेर पडले. त्याच वर्षी महापौर कार्टर हॅरिसन यांच्या मारेकऱ्याला फाशीपासून वाचविण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. फाशीला त्यांनी आयुष्यभर विरोध केला.

लॉस एंजेलिस टाइम्सची इमारत १ ऑक्टोबर १९१० रोजी स्फोटाने उद्ध्वस्त होऊन २१ जण मृत्युमुखी पडले. जेम्स आणि जॉन मॅकनामारा हे कामगार संघटनेशी संबंधित भाऊ आरोपी ठरले. ते निर्दोष आहेत, या विश्वासाने देशभरातील कामगारांनी खटल्यासाठी पैसे दिले. पुरावा पाहिल्यावर डॅरो यांना हा विश्वास भाबडा असल्याचे उमगले. पत्रकार लिंकन स्टेफन्स यांच्या मध्यस्थीने वाटाघाटी झाल्या आणि १ डिसेंबर १९११ रोजी जेम्सने खुनाचा, तर जॉनने दुसऱ्या एका स्फोटाचा गुन्हा कबूल केला. जेम्सला जन्मठेप झाली, जॉनला १५ वर्षे. दोघांचेही प्राण वाचले.

कबुलीनंतर चारच दिवसांनी महापौरपदाची निवडणूक होती आणि डॅरो यांचे सहकारी वकील जॉब हॅरिमन हे तिचे समाजवादी उमेदवार होते. ते पराभूत झाले. आपल्याला फसविले गेले, अशी कामगारांची भावना झाली. अशील वाचला, चळवळ बुडाली. वकिलाने येथे कोणाशी निष्ठा राखायची? डॅरो यांनी अशिलाची बाजू घेतली. वकिलाच्या धर्माला धरूनच ते होते. परंतु त्यांची स्वतःची बाजूही स्वच्छ राहिली नाही. ज्युरीतील सदस्यांना लाच देण्याचा प्रयत्न केल्याचे आरोप त्यांच्यावर आले. एका खटल्यात ते १९१२ मध्ये सुटले, दुसऱ्यात ज्युरीचे एकमत झाले नाही. हा डाग पुरता कधीच पुसला गेला नाही.

म्हणूनच शिकागोचा तो खटला त्यांच्यासाठी केवळ आणखी एक खटला नव्हता. गुन्हा मान्य झाला, तरी शिक्षेसंबंधीची सुनावणी सुमारे महिनाभर चालली, मनोविकारतज्ज्ञांच्या साक्षी झाल्या आणि ६७ वर्षांच्या डॅरो यांचे समारोपाचे भाषण तीन दिवसांत मिळून सुमारे बारा तास चालले. १० सप्टेंबर रोजी कॅव्हर्ली यांनी जन्मठेप आणि वर ९९ वर्षे अशी शिक्षा दिली. कबुलीला विशेष सवलतीचे कारण मानण्यास त्यांनी नकार दिला. आरोपींचे कोवळे वय त्यांनी पाहिले. म्हणजे कबुलीने शिक्षा कमी केली नाही, निर्णय कोणी घ्यायचा एवढेच बदलले. डॅरो यांना तेवढेच हवे होते.

श्रीमंतांची मुले सुटली, ही टीका तेव्हाही झाली. ती निराधार नव्हती, कारण महिनाभर तज्ज्ञ उभे करणे गरीब आरोपीला जमले नसते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मधील एका निकालात नमूद केले, की संघराज्य न्यायालयांतील ९७ टक्के आणि राज्यांतील ९४ टक्के दोषसिद्धी कबुलीतूनच होतात. त्यांतील बहुसंख्य सरकारी वकिलाशी झालेल्या सौद्यातून येतात. ज्युरीपुढे हरल्यास कित्येक पट शिक्षेचे भय समोर असते आणि त्या भयापोटी निरपराध माणसेही गुन्हा कबूल करतात, हे नंतर निर्दोष ठरलेल्यांच्या प्रकरणांतून उघड झाले आहे. डॅरो यांनी शिकागोत सौदा केलाच नव्हता. सरकार फाशीच मागत होते.

१३ मार्च १९३८ रोजी शिकागोत डॅरो यांचे निधन झाले. लोबचा त्याआधीच, १९३६ मध्ये, तुरुंगात एका कैद्याच्या हातून खून झाला होता. जेम्स मॅकनामारा १९४१ मध्ये सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात मरण पावला. लिओपोल्ड १९५८ मध्ये पॅरोलवर बाहेर आला आणि पोर्टो रिको येथील एका रुग्णालयात काम करू लागला.