फादर स्टीफन्स आणि राशोलचें देवालय

गोमांतकांतील साष्टी महालांत, जुवारी नदीच्या कांठीं, राशोल नांवाचें गांव आहे. तेथील हिमवर्षावाच्या मातेच्या देवालयांतील सोनेरी वेदी पाहून यात्रेकरू थक्क होतो. परंतु मराठी वाचकास तें स्थळ फादर थॉमस स्टीफन्स यांच्यामुळें विशेष वंद्य वाटावें.

इंग्लंडांतील विल्टशर परगण्यांत १५४९ च्या सुमारास जन्मलेले हे जेझुइट धर्मगुरु १५७९ च्या ऑक्टोबरांत गोव्यास उतरले, आणि पुढील आयुष्य त्यांनीं बहुतेक साष्टींतच वेंचिलें. तो काळ बिकट होता. पोर्तुगीज अंमलदारांनीं देवळें पाडिल्यामुळें रयत संतापली होती. १५८३ सालीं कुंकळ्ळीस स्टीफन्स यांचे पांच धर्मबंधु मारिले गेले. त्यांस राशोलच्या या मातेच्या देवालयांत पुरण्यांत आलें. पुढें सरकारानेंही गांवच्या पुढाऱ्यांस ठार केलें.

अशा वैराच्या दिवसांत स्टीफन्स यांनीं लोकांची भाषा आपलीशी केली. जुनीं पुराणें सुटल्यामुळें नवख्रिस्ती जनांस स्वभाषेंत वाचावयास कांहीं उरलें नव्हतें. ती उणीव जाणून त्यांनीं सुमारें अकरा हजार ओव्यांचें क्रिस्तपुराण मराठींत रचिलें. १६१६ सालीं तें राशोलास रोमन लिपींत छापलें गेलें. १६१९ सालीं ते निवर्तले. त्यांचें कोंकणी व्याकरण १६४० सालीं तेथेंच छापून निघालें.

विद्यार्थिमित्रहो, परमुलखांतून आलेल्या पुरुषानें जी भाषा एवढ्या कष्टानें साध्य केली, ती आपणांस घरींच लाभली असतां आपण तिची हेळसांड करावी काय?