विश्लेषण : माणसे ‘मिळत’ नाहीत, मग लक्ष्मणराव किर्लोस्करांनी ती कुठून आणली?

चांगला कामगार मिळत नाही, मिळाला तर टिकत नाही आणि टिकला तर त्याच्यावर काम सोपवून दोन दिवस बाहेरगावी जाता येत नाही... छोटा कारखाना, वर्कशॉप किंवा दुकान चालवणाऱ्या बहुतेकांची ही तक्रार असते. साधारण ११५ वर्षांपूर्वी निवडुंगाच्या माळावर कारखाना काढणाऱ्या एका मराठी उद्योजकापुढे हाच प्रश्न याहून बिकट रूपात होता. आसपास कुशल कामगार नव्हते आणि तंत्रशाळाही नव्हती. त्याने हा प्रश्न कसा सोडवला आणि त्यातले आज काय लागू पडते, याविषयी...

लक्ष्मणराव किर्लोस्कर कोण होते?

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. संगीत नाटकाचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. लक्ष्मणरावांना शाळेच्या पुस्तकांपेक्षा चित्रे आणि यंत्रे यांची ओढ अधिक होती. वडिलांची नाराजी असतानाही थोरले बंधू रामूअण्णा यांच्या पाठिंब्यावर ते मुंबईला गेले आणि जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तिथे काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत, हे लक्षात आले आणि चित्रकार होण्याचा मार्ग बंद झाला.

चित्रकला सोडावी लागली, तरी हात आणि नजर शाबूत होती. यांत्रिक आरेखनात रंगांचे काम नसते, रेषेची अचूकता लागते. लक्ष्मणराव तिकडे वळले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये शिक्षक झाले. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन व्यक्तीला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले.

उद्योगाची सुरुवात कशी झाली?

नोकरीत असतानाच दोघा भावांनी सायकलींचा व्यवसाय सुरू केला होता. लक्ष्मणराव मुंबईत सायकली घेऊन बेळगावला पाठवत. रामूअण्णा त्या विकत आणि घेणाऱ्याला चालवायलाही शिकवत. सायकल ही तेव्हा नवलाईची वस्तू होती. ती नुसती दुकानात ठेवून खपणारी नव्हती, आधी माणूस तिच्यावर बसायला शिकला पाहिजे. नवी वस्तू विकायची तर ती वापरण्याचे कौशल्यही द्यावे लागते, हा धडा इथे मिळाला. किर्लोस्कर ब्रदर्स आपली सुरुवात १८८८ पासून मानते, ती याच व्यवसायाच्या आधारे.

बेळगावात मग कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर यांचे उत्पादन सुरू झाले. नांगराने मात्र घाम फोडला.

लोखंडी नांगर का विकला जात नव्हता?

लोखंडाने जमीन नासते, तिच्यात विष भिनते असा समज शेतकऱ्यांमध्ये होता. लाकडी नांगर पिढ्यानपिढ्या चालत आला होता, गावचा सुतार तो करून देत असे आणि मोडला तर लगेच दुरुस्त करत असे. लोखंडी नांगर खोलवर जाऊन माती पलटतो, हा फायदा विक्रेत्याच्या दृष्टीने स्वच्छ होता. पण ज्याचे वर्षभराचे पोट त्या एका शेतावर आहे, त्याला हा प्रयोग परवडणारा नव्हता. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली.

छोटा उद्योजक इथे दोनपैकी एक निष्कर्ष काढतो. एक, माल वाईट आहे. दुसरा, गिऱ्हाईक अडाणी आहे. लक्ष्मणरावांनी दोन्ही निष्कर्ष टाळले. ते नांगर करत राहिले आणि शेतकऱ्याची भीती जाण्याची वाट पाहत राहिले. पुढे १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक सुरू झाले. पुतणे शंकरराव त्याचे संपादक होते. कारखान्याचे हे पत्र नंतर महाराष्ट्रातले नावाजलेले मासिक झाले. गिऱ्हाइकाशी विक्रीपलीकडचे नाते जोडायचे, ही सायकलीच्या दिवसांतली सवय त्यात दिसते.

बेळगाव सोडून माळरानावर का जावे लागले?

नांगराला मागणी येऊ लागली, तोच बेळगावच्या नगरपालिकेने शहराच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा सोडायला सांगितले. नवी जागा घ्यायला पैसे नव्हते. अशा वेळी औंधच्या यमाई देवीच्या मंदिरात सभामंडप उभारण्याचे काम लक्ष्मणरावांकडे आले. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार आणि कलेचे दर्दी होते. त्यांनी संस्थानाच्या हद्दीत कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन दिली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले.

ही जमीन म्हणजे निवडुंग आणि सापांचे माळरान होते. १९१० मध्ये २५ कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन लक्ष्मणराव तिथे उतरले. आधी निवडुंग तोडायचा, मग डोक्यावर छप्पर, मग कारखाना, असा क्रम होता. हीच पुढची किर्लोस्करवाडी, देशातल्या सुरुवातीच्या औद्योगिक वसाहतींपैकी एक. आज ती सांगली जिल्ह्यात आहे.

माणसे कोणती निवडली?

शहरातला तयार कारागीर या माळावर येणार नव्हता. जे सोबत होते आणि जे येतील, त्यांच्यातूनच सगळे उभे करायचे होते. त्या माणसांची यादी आजच्या एखाद्या भरती विभागाने पाहिली, तर बहुतेक अर्ज पहिल्याच चाळणीत बाद होतील.

शंभूराव जांभेकर कारखान्याचा कारभार पाहू लागले. शाळेत नापास झालेले के. के. कुलकर्णी व्यवस्थापक झाले. मंगेशराव रेगे कारकुनी आणि हिशेबापासून सुरू करून व्यवहाराची बाजू सांभाळू लागले. शिक्षण अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर कल्पक यंत्रज्ञ म्हणून पुढे आले. सायकली विकणाऱ्या रामूअण्णांनी वसाहतीची आखणी आणि प्रशासन हाती घेतले.

सर्वात धाडसी निवड पहारेकऱ्यांची होती. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग हे दोघे दरोड्याची शिक्षा झालेले होते. वाडीची राखण त्यांच्याकडे सोपवण्यात आली आणि दोघेही विश्वासू निघाले. ब्रिटिश सरकारने १८७१ च्या कायद्याने काही जमातींवर जन्मापासूनच गुन्हेगारीचा शिक्का मारला होता, हे लक्षात घेतले तर या निवडीचे वजन कळते. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा दंडकही लक्ष्मणरावांनी घातला. शेजारच्या गावांत पाणवठे वेगळे असतानाचा हा काळ होता.

ही निवड भाबडी होती का?

नाही. चित्रकार होता न आलेला आणि बढतीत डावलला गेलेला माणूस इतरांची प्रगतिपुस्तके तपासत बसला नाही, हे खरे. पण यामागे केवळ कनवाळूपणा नव्हता. यादीतल्या प्रत्येक माणसाला नेमके आणि मोजता येणारे काम होते. हिशेब जुळतो की नाही, यंत्र चालते की नाही, रात्री चोरी झाली की नाही, याचे उत्तर रोज समोर येते. अशा कामात कागदावरची लायकी मागे पडते आणि माणसाचा हात दिसतो.

दुसरे म्हणजे, औपचारिक शिक्षणाला त्यांनी कमी लेखले नाही. मुलगा शंतनुराव यांना त्यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये यंत्र अभियांत्रिकी शिकायला पाठवले. १९२६ मध्ये पदवी घेऊन परतलेले शंतनुराव आणि शाळा अर्धवट सोडलेले फळणीकर हे दोघेही एकाच कारखान्याचे होते. शिकलेला आणि न शिकलेला यांत कोण श्रेष्ठ, हा वाद घालण्याऐवजी कोणाकडून काय होते, हे पाहिले गेले.

संकटात हा पाया टिकला का?

पहिल्या महायुद्धात परदेशातून येणारे लोखंड आणि कोळसा दुर्मीळ झाला. एकीकडे आयात नांगर थांबल्याने मागणी वाढली, दुसरीकडे कच्चा मालच नाही. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी संस्थानातल्या जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर झाले. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी बनली. उसाचे चरक, पंप, इंजिने असा पसारा वाढत गेला.

खरी कसोटी १९४८ मध्ये लागली. महात्मा गांधींच्या हत्येनंतर पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर आणि मालमत्तेवर हल्ले झाले. त्यात किर्लोस्करवाडीचा कारखानाही जाळण्यात आला. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. कुंपणाच्या आत जोपासलेला विश्वास बाहेरच्या समाजातली दरी बुजवू शकला नव्हता, हे कटू सत्य या आगीने दाखवले. कारखाना मात्र पुन्हा उभा राहिला. यंत्रे नव्याने आणता येतात, ती चालवणारी माणसे एका रात्रीत आणता येत नाहीत. ती वाडीत होती. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले, तेव्हा हरिहर, बंगळूर आणि पुणे येथेही किर्लोस्कर समूहाचे कारखाने उभे राहिलेले होते.

मग यश फक्त मानसिकतेचे होते का?

असे म्हणणे चुकीचे ठरेल. औंधची जमीन आणि बिनव्याजी कर्ज नसते, तर बेळगाव सुटल्यावर धंदा बुडण्याचीच शक्यता अधिक होती. रामूअण्णांसारखा भाऊ पाठीशी होता. महायुद्धाने स्पर्धक दूर केले. संस्थानिकांनी हात दिला. भांडवलाची अडचण असलेल्या उद्योजकाला केवळ विचार बदलण्याचा सल्ला देणे म्हणजे तहानलेल्याला विहीर कशी खणावी यावर व्याख्यान देणे. शिवाय मालकाच्याच जागेत घर, मालकाचीच वसाहत, या व्यवस्थेत कामगाराचे अवलंबित्वही आले. आजच्या कामगाराला ते मान्य होणार नाही आणि होऊ नये.

तरीही पैसा आल्यावर पुढे काय झाले, हा प्रश्न उरतो. जमीन आणि कर्ज मिळालेले सगळेच उद्योग टिकत नाहीत. ते दहा हजार रुपये आणि निवडुंगाचा माळ यांचे रूपांतर कारखान्यात झाले, ते माणसांमुळे.

छोट्या उद्योजकाने यातून काय घ्यावे?

पहिली गोष्ट, माणूस निवडताना मुलाखतीपेक्षा छोटे आणि नेमके काम द्यावे, ज्याचा निकाल आठवड्याभरात दिसेल. दुसरी, ते जमले की पुढची जबाबदारी पूर्ण द्यावी. किल्ली हातात देऊन दर तासाला फोन करणारा मालक माणूस घडवत नाही, थकवतो. तिसरी, विश्वास आणि तपासणी एकत्र नांदू शकतात. रेगे यांच्याकडे हिशेब होता म्हणजे हिशेब पाहिलाच जात नव्हता, असा अर्थ होत नाही. चौथी, गिऱ्हाईक नाही म्हणते, तेव्हा त्याला कशाची जोखीम वाटते, हे आधी शोधावे.

पाचवी गोष्ट मालकाच्या स्वतःच्या मनाची. डावलले गेल्याचा राग लक्ष्मणरावांना आला नसेल, असे नाही. नोकरी त्यांनी त्यामुळेच सोडली. पण आपल्या हाताखाली माणसे आली, तेव्हा जन्म, जात आणि प्रमाणपत्र पाहून डावलण्याचा तोच न्याय त्यांनी पुढे चालवला नाही. गल्ल्यामागे बसणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी कोणीतरी नाकारलेले असते. तसेच नाकारलेले कोणी उद्या काम मागायला दारात येईल, तेव्हा त्याला एक आठवडा द्यायचा की नाही, हे ठरवायला भांडवल लागत नाही.