न दिसणाऱ्याचे मोजमाप

विद्यार्थी मित्रांनो, वज्रेश्वरीच्या कुंडांतील ऊन पाणी जमिनीखालच्या न दिसणाऱ्या उष्णतेची साक्ष देते. कृष्णविवरही दिसत नाही; भोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या गतीवरून त्याचे वस्तुमान काढतात. आकाशगंगेच्या मध्यभागचे कृष्णविवर असे सुमारे ४० लाख सूर्यांएवढे भरले.

या गुरुत्वाकर्षणाच्या गणिताला वाहून घेणारे विष्णु वासुदेव नारळीकर १९०८ साली कोल्हापुरात जन्मले. केंब्रिजला शिकून १९३२ साली ते बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणित शिकवू लागले. तेथे त्यांच्या मार्गदर्शनाखाली प्रल्हाद वैद्यांनी प्रकाश फेकणाऱ्या ताऱ्याच्या गुरुत्वाकर्षणाचे गणित सोडवून १९४३ साली प्रसिद्ध केले. वस्तुमान बदलणाऱ्या कृष्णविवरांच्या अभ्यासात ते आजही वापरतात. पुत्र जयंत जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ झाले. १९९१ साली गुरुजी निवर्तले.

पालकहो, शिक्षकाचे मोठेपणही त्याच्याभोवती घडलेल्या विद्यार्थ्यांवरूनच मोजावे.