सयाजीरावांच्या राज्यातील शाळांचा पट

शाळेचा पट आपोआप भरत नाही. त्यासाठी राज्यकर्त्यांची इच्छा लागते आणि पालकांची जागरूकताही लागते. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांचे चरित्र सीमाभागातील मराठी माणसाने याच दृष्टीने पुन्हा पाहावे असे आहे.

११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी एका शेतकरी घरात त्यांचा जन्म झाला. मूळ नाव गोपाळराव. मल्हारराव गायकवाड पदच्युत झाल्यावर महाराणी जमनाबाईंनी १८७५ मध्ये त्यांना दत्तक घेतले. बारा वर्षांचा हा मुलगा राजवाड्यात आला तेव्हा त्याला अक्षरओळख नव्हती. शिक्षण तेथून सुरू झाले आणि १८८१ च्या डिसेंबरात राज्यकारभाराची सूत्रे त्यांच्या हाती आली.

१८९३ मध्ये काठेवाडातील अमरेली आणि आसपासच्या काही खेड्यांत त्यांनी सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. अनुभव घेऊन १९०६ मध्ये ही सक्ती राज्यभर लागू झाली. मुलगे ७ ते १२ आणि मुली ७ ते १० वर्षांच्या. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दंड होई. शेतात हाताशी येणारे मूल शाळेत पाठवणे गरीब कुणब्याला जड जाई. काहीजण दंड भरत, पण मूल पाठवीत नसत. तरीही महाराज मागे हटले नाहीत.

याचे फळ नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी देशापुढे मांडले. सक्तीच्या शिक्षणाचा आग्रह धरताना त्यांनी बडोद्याचाच दाखला दिला. बडोद्यात एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के मुले शाळेत होती, तर ब्रिटिश हिंदुस्थानात १.९ टक्केच. त्यांचे विधेयक १९१२ मध्ये फेटाळले गेले.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. राजा मराठी, प्रजा बहुतांशी गुजराती. तरी महाराजांनी गुजराती मुलांवर मराठी लादली नाही. अमरेलीच्या मुलाला गुजरातीतूनच धडे मिळाले आणि बडोदे शहरातील मराठी मुलांसाठी मराठी शाळा चालल्या. कारभारातील शब्दांसाठी त्यांनी 'सयाजी शासन शब्दकल्पतरु' हा बहुभाषी कोश सिद्ध करविला. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी ते निवर्तले.

भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी, असे घटनेच्या ३५० अ या कलमात १९५६ पासून नमूद आहे. बडोद्याच्या दरबाराने ते कोणत्याही कलमाविना केले होते. सीमाभागात आज पट घटला की शाळा विलीन करण्याची भाषा सुरू होते. अशा वेळी कलमाची आठवण सरकारला करून द्यावी लागेल आणि जूनमध्ये आपल्या गल्लीतील प्रत्येक मुलाचे नाव मराठी शाळेच्या पटावर चढते की नाही, हे आपणच पाहावे लागेल.