भोवळीचे मूळ शोधणारे बारानी

रॉबर्ट बारानी यांचा जन्म २२ एप्रिल १८७६ रोजी व्हिएन्ना येथे झाला. बालपणी हाडांच्या क्षयाने त्यांचा गुडघा कायमचा आखडला. पुढे व्हिएन्नाच्या कर्णचिकित्सालयात रुग्णांचे कान धुताना त्यांना आढळले, की पाणी थंड असल्यास भोवळ येते आणि डोळे एका दिशेने हिसके देतात. गरम पाण्याने ही दिशा उलटते. तापमानातील फरकामुळे अंतर्कर्णातील द्रव हलतो, हे त्याचे कारण त्यांनी सांगितले. त्यामुळे तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाची प्रत्येक कानात स्वतंत्र तपासणी शक्य झाली.

पहिल्या महायुद्धात ते रशियाचे युद्धकैदी झाले. १९१४च्या नोबेल पारितोषिकाची वार्ता त्यांना छावणीतच मिळाली. स्वीडनचे राजपुत्र कार्ल यांच्या मध्यस्थीने १९१६ मध्ये त्यांची सुटका झाली. मायदेशी मात्र सहकाऱ्यांनी इतरांचे श्रेय डावलल्याचा ठपका त्यांच्यावर ठेवला. व्यथित बारानी १९१७ मध्ये स्वीडनमधील उप्सालाला गेले. डोक्याच्या विशिष्ट स्थितीत येणाऱ्या भोवळीचे वर्णन त्यांनी १९२१ मध्ये केले. ८ एप्रिल १९३६ रोजी त्यांचे निधन झाले.

कूस बदलताच घर फिरू लागलेल्या रुग्णाला भौतिकोपचारतज्ज्ञ आज डोके ठरावीक क्रमाने वळवून अंतर्कर्णातील भरकटलेले कण मूळ जागी परत नेतात आणि ही भोवळ का येते, हे समजावून त्याची भीती घालवतात. त्या उपचाराची वाट बारानींच्या निरीक्षणांतूनच निघाली.