अनवाणी विजेत्याचे बूट

रोम, १० सप्टेंबर १९६०. संध्याकाळी सुरू झालेली ऑलिंपिक मॅरेथॉन अंधार पडल्यावर संपली. रस्त्याकडेला सैनिक मशाली धरून उभे होते. त्या उजेडात कॉन्स्टंटाइनच्या कमानीपाशी जो धावपटू सर्वांत आधी पोचला, त्याच्या पायात काहीच नव्हते. इथिओपियाच्या शाही रक्षक दलातला जवान अबेबे बिकिला. वेळ २ तास १५ मिनिटे १६ सेकंद. तोवर कोणीही मॅरेथॉन इतक्या वेगाने धावले नव्हते.

बूट न घालता धावणेच चांगले, असे म्हणणारे आजही त्याचाच दाखला देतात. पण अबेबे अनवाणी धावला तो हौसेने नव्हे. रोममध्ये मिळालेला नवा जोड त्याच्या पायाला बसेना. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार पायावर येतो. त्यात बूट घासला की फोड येतो. फोड वाचवायला माणूस पाऊल वाकडे टाकतो आणि मग घोटा, गुडघा, कंबर, सगळेच दुखू लागते. नवा बूट घालून थेट शर्यतीला उतरण्यापेक्षा अनवाणी धावणे बरे, हा त्या दिवशीचा हिशेब अचूक होता. मात्र तो अबेबेच्या पायांपुरता. १९३२ मध्ये खेड्यात जन्मलेल्या या मुलाचे पाय लहानपणापासून डोंगराळ मातीवर घडले होते. तळव्याची कातडी जाड, पावलातले छोटे स्नायू बळकट. वर्षानुवर्षे चपला-बुटांत वावरलेल्या पायांनी एका सकाळी डांबरी रस्त्यावर त्याची नक्कल केली, तर हाडाला बारीक तडा जायला वेळ लागत नाही.

अबेबेने स्वतः अनवाणी धावण्याचा हट्ट कधी धरला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकआधी पाच-सहा आठवड्यांवर त्याच्या अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली होती. तरीही तो उतरला, या वेळी पांढरे मोजे आणि पायाला बसणारे बूट घालून. टाच हलत नाही, पुढे बोटांना अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा आहे आणि सरावात आधीच वापरलेला आहे, असा बूट धावणाऱ्याला लागतो. (बॅडमिंटनचा वेगळा, तिथे पाय आडवा सरकतो.) टोकियोत तो २ तास १२ मिनिटे ११ सेकंदांत पोचला. रोमपेक्षा तीन मिनिटे कमी आणि पुन्हा जागतिक उच्चांक. सगळे श्रेय बुटांना देणे भाबडेपणाचे ठरेल, चार वर्षांचा सराव आणि प्रशिक्षक ओन्नी निस्कानेन यांची शिस्त त्यामागे होती. दुसरा धावपटू चार मिनिटांनी आला, तोवर अबेबे मैदानातल्या हिरवळीवर व्यायाम करत होता. सलग दोन ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकणारा तो पहिलाच.

१९६८ मध्ये मेक्सिकोत मात्र दुखरा पाय घेऊन तो धावायला उभा राहिला आणि सुमारे १७ किलोमीटरवर त्याला थांबावे लागले. दुखऱ्या पायाला कुठलाच बूट तारत नाही. शर्यत त्याच्याच देशाच्या मामो वोल्देने जिंकली.

पुढच्या वर्षी मोटार अपघातात त्याच्या मणक्याला इजा झाली आणि पाय कायमचे गेले. इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात उपचार घेतल्यावर तो चाकाच्या खुर्चीत बसून तिरंदाजीच्या स्पर्धांत उतरला. २५ ऑक्टोबर १९७३ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्याचा मृत्यू झाला, तेव्हा तो अवघ्या ४१ वर्षांचा होता.